क्रीमचे नव्हे, हाताचे साडेसहाशे: वरूडकडच्या एका पार्लरमधलं फेशियल

फेशियल चेहऱ्याचं, पण पहिला हात पडतो तो पायांच्या तळव्यांवर. वरूड-मोर्शी रस्त्यावरच्या एका गावात, संत्र्याच्या बागांना लागून, घराच्याच पुढच्या दोन खोल्यांत चालणाऱ्या पार्लरची ही पद्धत. चादरीवरूनच दोन्ही तळवे दोन हातांत धरायचे. चोळायचे नाहीत, दाबायचे नाहीत, मिनिटभर नुसते धरून ठेवायचे. मग ताई हळू आवाजात विचारतात, "टाचा टेकल्या का गादीले? पोटऱ्या? कंबर? खांदे सोडले का?" आणि शेवटी, "दातावर दात हाये का, पाहा बरं." आपण जबडा आवळून पडलोय हे बहुतेक बायकांना इथेच पहिल्यांदा कळतं.

ताई दिवसाला चारच बायका घेतात आणि गर्दी नको म्हणतात, म्हणून नाव-पत्ता इथे देत नाही. पण खाली जे तपासलं आहे ते तुमच्या तालुक्याच्या कुठल्याही पार्लरला लावून बघता येईल.

सत्तर मिनिटांचे ६५० रुपये. याच बाजारात किटमधलं 'गोल्ड फेशियल' याहून महाग मिळतं, आणि त्यातला सोन्याचा वर्ख कातडीच्या आत शिरत नाही, टॉवेलला लागून धुण्यात जातो. इथे एक साधं दुधाळ क्लिन्झर, तिळाचं तेल, एक लेप आणि शेवटी बिनवासाचं मॉइश्चरायझर, एवढाच माल. पैसे आहेत ते हाताचे आणि लक्षाचे.

झोपवण्याआधी पाच मिनिटं नुसते प्रश्न असतात, आणि या पार्लरचं अर्धं शहाणपण या प्रश्नांत आहे. बीपीची गोळी चालू आहे का, दिवस गेलेत का, ओठावर जर (तापाचे फोड) आली आहे का, आयब्रो कधी केल्या. धाग्यानं केस उपटल्यावर त्यांची मुळं उघडी असतात. त्यावर त्याच दिवशी तेल चोळलं की भुवईवर पुरळ येतं. ताई दोन दिवसांचं अंतर मागतात. ब्लीच केलं असेल तर आठवडाभर थांबा म्हणतात. त्यानंतरचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: "कोणती क्रीम लावता? डबी आणली का?" मेडिकलमधून गोरं व्हायला म्हणून आणलेल्या कितीतरी ट्यूबमध्ये बेटामेथासोन किंवा क्लोबेटासोल हे स्टेरॉइड असतं. ते महिनोन्‌महिने लावलं की कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात आणि गरम लागलं की चेहरा भाजल्यासारखा होतो. अशा चेहऱ्यावर वाफ नाही, लेप नाही, चोळणं तर नाहीच. ताई अशा मुलीला परत पाठवतात, आणि क्रीम एकदम बंद न करता आधी त्वचेच्या डॉक्टरकडे जा, असं बजावून पाठवतात. एकदम सोडली तर चेहरा आणखी भडकतो, म्हणून हे बजावणं गरजेचं. गिऱ्हाईक परत पाठवणारं पार्लर कमीच दिसतं. या एका गोष्टीसाठी आमचा त्यांच्यावर विश्वास बसला.

फवारणीचा प्रश्नही त्या विचारतात. कपाशीवर किंवा संत्र्यावर फवारा मारून आलेल्या किंवा त्या वावरात दिवसभर निंदण केलेल्या बाईला आधी साबणानं हात, तोंड, मान धुवायला लावतात आणि त्या दिवशी वाफ देत नाहीत. कारण सरळ आहे. उष्णतेनं कातडीखालचा रक्तपुरवठा वाढतो आणि कातडीवर राहिलेलं औषध जास्त वेगानं आत जातं. शहरातल्या कुठल्याही पार्लरच्या फॉर्मवर हा प्रश्न सापडणार नाही.

तिसरा खास इथला प्रश्न खर्ऱ्याचा, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाचा. खर्रा, सुपारी, गुडाखू काही चालू आहे का हे ताई बिनदिक्कत विचारतात आणि तोंड उघडून आपलीच तीन बोटं उभी आत जातात का ते बघायला लावतात. तीन बोटं गेली तर ठीक. दोनच जात असतील, किंवा तिखट खाताना गालाच्या आतून आग होत असेल, तर सुपारीनं गालाच्या आतला पडदा ताठ होत चालल्याचं ते लक्षण असू शकतं. तो कडकपणा मसाजनं जात नाही, आणि जबडा जोर लावून उघडायला गेलं तर दुखापत होते. तिथे ताई जबड्याला हात लावत नाहीत, दातांच्या डॉक्टरकडे पाठवतात.

आता मुख्य काम.

गुडघ्यांखाली उशी, मानेखाली दोन इंचाची टॉवेलची गुंडाळी. गुडघ्यांखाली उशी नसेल तर कमरेला कमान पडते, कंबर ताणलेली राहते आणि मग खांदे काही केल्या सैल पडत नाहीत. मंगळसूत्राला हात लावण्याआधी विचारतात, "काढू का मागं सरकवू?" काही बायकांना ते काढलेलं चालत नाही, आणि मानेवर मसाज करताना काळे मणी रुततात, म्हणून हे आधीच विचारलेलं बरं. टिकलीही विचारूनच काढतात आणि आरशाला चिकटवून ठेवतात. टिकलीखाली पांढुरका डाग दिसला तर तिथे घासत नाहीत. चिकटवायच्या डिंकातल्या रसायनानं काहींच्या कातडीचा रंग तेवढ्याच गोलात उडतो. त्याला मसाज हे उत्तर नाही, टिकली बदलणं आणि डॉक्टरला दाखवणं हे आहे.

स्वच्छता सहा मिनिटं. बोअरचं पाणी जड, त्यात क्लिन्झर नीट निघत नाही, कातडीवर पांढुरका थर राहतो आणि मग चेहरा ओढल्यासारखा वाटतो. ताई शेवटचा हात आरओच्या कॅनमधल्या कोमट पाण्याचा फिरवतात. कापड आधी आपल्या मनगटावर टेकवून बघतात, मग हनुवटीवर टेकवतात, मग गालावर. डोळ्यांवर ओलं कापड कधीच न सांगता ठेवत नाहीत. डोळे मिटलेल्या माणसाच्या तोंडावर अचानक काही पडलं की अंग दचकतं, आणि आधीच्या दहा मिनिटांत सैल पडलेले खांदे एका क्षणात पुन्हा वर चढतात.

मग बारा मिनिटं खांदे आणि मान. चेहऱ्याआधी मान कशाला, असं वाटतं. पण डोक्यावर गुंड (पाण्याचा हंडा) वाहणाऱ्या, दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या बाईची मानेच्या मागची पट्टी दोरखंडासारखी झालेली असते. ती तशीच ठेवून कपाळ चोळलं तर कपाळ परत आवळतं. ताई खांद्यावर तळहात टेकवून आधी बाईचा श्वास सुटेपर्यंत थांबतात आणि सुटत्या श्वासाबरोबर वजन टाकतात. वजन अंगाचं, अंगठ्याचा जोर नव्हे. "जोर लागला त सांगजा बरं, काकू," हे त्या सुरुवातीला सांगतात आणि दर थोड्या वेळानं विचारतातही. शून्य ते दहा अशा मापात दाब चार-पाचाच्या वर जाऊ नये. त्याच्या वर गेला की बाई तोंडानं "चालते" म्हणेल, पण पायाची बोटं आवळलेली दिसतील. ताईंची नजर बोटांवर असते.

गळ्याच्या पुढच्या भागाला दाब नाही. कंठाच्या दोन्ही बाजूंना, जिथे नाडी हाताला लागते, तिथे दाबलं तर नाडी मंदावते, बीपी एकदम खाली येतं आणि चक्कर येऊ शकते. दोन्ही बाजूंनी एकदम दाबणं तर धोक्याचंच. इथे ताईंचा हात पिसासारखा फिरतो, आणि तो तसाच फिरायला हवा.

चेहऱ्याच्या बावीस मिनिटांसाठी तेल चहाच्या चमच्यानं एक, म्हणजे पाच मिलिलीटर. कमी पडलं तर कातडी ओढली जाते. जास्त झालं तर बोटं घसरतात, आतला स्नायू हाताला लागत नाही आणि तेल डोळ्यांत उतरतं. तेल तिळाचंच का, तर ते पातळ आहे आणि लवकर खवट होत नाही. आपल्याकडे जवस घरचा असतो म्हणून काही जणी जवसाचं तेल वापरतात. ते हवा लागली की फार लवकर खराब होतं, चेहऱ्यासाठी नको. मोहाच्या टोळीचं (बियांचं) तेल थंडीत घट्ट होतं, ते टाचांना उत्तम. ज्यांना मुरुमं येतात त्यांना खोबरेल सोसत नाही.

वेग हा या फेशियलचा प्राण आहे. भुवईपासून केसांच्या कडेपर्यंत सहा सेंटीमीटर जायला ताईंचा हात दोन सेकंद घेतो. हनुवटीपासून कानापर्यंत चार. म्हणजे सेकंदाला साधारण तीन सेंटीमीटर. हा वेग योगायोगानं आलेला असो वा सरावानं, तो नेमका आहे. केसाळ कातडीत काही बारीक मज्जातंतू असे असतात की ते हळू, हलक्या, उबदार स्पर्शालाच सगळ्यात जास्त जागे होतात. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या संशोधकांनी २००९ साली दाखवलं की सेकंदाला एक ते दहा सेंटीमीटर या वेगात ते सर्वांत जास्त संदेश पाठवतात, आणि माणसांना सुखद वाटणारा स्पर्शही त्याच वेगाचा असतो. बहुतेक पार्लरांत हात याच्या कितीतरी पट वेगानं गोल गोल फिरतो. कातडी चकाकते, पण बाईचा श्वास होता तसाच उथळ राहतो.

थंडीत हात गार असले तरी हा परिणाम जातो. डिसेंबरच्या सकाळी ताई गरम पाण्याच्या तसराळ्यात हात बुडवून, पुसून मगच येतात. अंगठी, बांगड्या काढलेल्या, नखं कापलेली.

कपाळावर तळहात, भुवयांवर चिमटीनं हलकं उचलणं, डोळ्यांभोवती अनामिका. अनामिकेत ताकद कमी असते म्हणून ती. डोळ्याखालची कातडी चेहऱ्यावरची सगळ्यात पातळ. दोन भुवयांच्या मधली जागा म्हणजे आयुर्वेदातलं स्थपनी मर्म, कानशिलावरची शंख. सुश्रुतांनी सांगितलेल्या १०७ मर्मांतली ही. मर्म म्हणजे जिथे इजा झाली तर जिवावर बेतू शकतं अशी जागा, हे मुळातलं सांगणं. तिथे अंगठा रोवून 'पॉइंट दाबणारे' हा अर्थच विसरतात. ताई तिथे बोट नुसतं टेकवतात, तीन श्वास, आणि उचलतात.

जबडा मात्र बारकाईनं बघण्यासारखा. "दात चावा... सोडा." चावल्यावर कानाखाली जो गोळा वर येतो तोच चावायचा स्नायू. ताई दोन बोटांच्या गाद्या त्यावर सरळ टेकवतात, घासत नाहीत. गालाच्या हाडाच्या खाली एक, मधे एक, जबड्याच्या कोपऱ्यापाशी एक, अशा तीन जागा. प्रत्येक ठिकाणी आठ ते दहा सेकंद, दाब सुटत्या श्वासावर. घासायचं नाही याचं कारण याच स्नायूवरून लाळेच्या ग्रंथीची नळी आणि चेहऱ्याच्या नसेच्या फांद्या जातात. तिसऱ्या श्वासाला दात आपोआप विलग होतात, ओठ मिटलेलेच राहतात, जीभ टाळूला लागते. विश्रांतीतला जबडा असाच असतो. वरच्या-खालच्या दातांत दोन-चार मिलिमीटर फट असते. ताई तेव्हाच सांगतात, "हे ध्यानात ठेवजा. स्वयंपाक करता करता एखादवेळा पाहजा, दात लागले का." सत्तर मिनिटांतली एवढी एक गोष्ट बाई घरी घेऊन गेली तरी साडेसहाशे वसूल, असं आमचं मत.

यानंतर पाच मिनिटं सूज उतरवायचे हलके हात, कानापुढून खाली मानेकडे, हासळीच्या हाडापर्यंत. ही पद्धत डेन्मार्कच्या एमिल आणि एस्ट्रिड वॉडर या दांपत्यानं १९३० च्या दशकात बसवली. दाब इतका हलका हवा की फक्त कातडी सरकेल. ताई इथे थोड्या घाई करतात आणि आधी मानेखालची वाट मोकळी न करता थेट गालापासून सुरू करतात. क्रम उलटा हवा: आधी हासळीपाशी, मग मान, मग गाल. खालची वाट भरलेली असेल तर वरचं पाणी जाणार कुठे?

मधूनच एखादी बाई रडते. हे इथे दोनदा बघितलं. ताई हात उचलत नाहीत, फिरवतही नाहीत. जिथे आहेत तिथेच ठेवतात आणि विचारतात, "थांबू का?" मान हलली तर थांबतात, पाणी देतात, काही विचारत नाहीत. 'अंगात साठलेलं दुःख बाहेर पडलं' असलं काही बोलत नाहीत, हे फार चांगलं. सतत कामासाठी वापरलं जाणारं अंग तासभर निवांत पडलं, श्वास खोल गेला, की डोळे भरून येऊ शकतात. तेवढंच पुरे.

आता जे पटलं नाही ते.

काशाची वाटी. शंभर रुपये जादा देऊन ती चेहऱ्यावर फिरवून मिळते. तळपायाला तूप लावून काशाची वाटी घासायची रीत आपल्या घरोघरी आहे, त्यामुळे बायका खुशीनं घेतात. वाटीचा गोल, थंड स्पर्श खरोखर छान लागतो. पण चेहरा राखाडी झाला की मदतनीस मुलगी म्हणते, "पाहा, आतली घाण निघाली." ती घाण नाही. काशात साधारण ७८ टक्के तांबं आणि २२ टक्के कथील असतं. ते तेल आणि घामातल्या आम्लाशी घासलं गेलं की काळसर थर उतरतो. वाटीला तेल लावून ती हातावरच घासून बघा, तिथेही काळं येईल. ताईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी मान्य केलं. मुलीच्या तोंडचं वाक्य मात्र अजून बदललेलं नाही.

संत्र्याच्या सालीचा लेप. भाग संत्र्याचा, साल फुकट, त्यामुळे लेप त्याचाच असणार. पूड मात्र चहाच्या गाळणीनं चाळलेली, रवाळ. मसाजनं मऊ झालेल्या कातडीवर ती रवाळ पूड घासली की बारीक ओरखडे येतात. ती वस्त्रगाळ हवी, आणि साल वाळवण्याआधी फळ नीट धुतलेलं हवं, कारण बागेतल्या फवारणीचं औषध सालीवरच बसतं. प्रमाण दोन चमचे मुलतानी मातीला अर्धा चमचा साल, त्याहून जास्त नको. उन्हाळ्यात कूलरच्या वाऱ्यात लेप पाच-सात मिनिटांत वाळतो. तडकेपर्यंत ठेवला तर तो कातडीतलंच पाणी ओढतो. बोट लावल्यावर थोडा ओलसर असतानाच काढायला हवा. ताई घड्याळ लावून दहा मिनिटं ठेवतात. जानेवारीत ते बरोबर असेल, मे महिन्यात नाही.

सगळ्यात गंभीर खोट डोकं धुण्याची. तेल केसांना लागलं म्हणून शेवटी बेसिनवर मान मागे लटकवून केस धुतात, आणि बेसिनच्या कडेला गादी नाही. मान अशी मागे वाकून दाबली गेली तर मणक्यांमधून मेंदूला जाणाऱ्या रक्तवाहिनीवर ताण येतो. पार्लरमधल्या बेसिननंतर पक्षाघाताचा झटका आल्याच्या पाच रुग्णांची नोंद अमेरिकेत १९९३ साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आली आहे. असं क्वचितच होतं, पण साठीपुढच्या, बीपीच्या बाईनं हा धोका घ्यायचं कारण नाही. "केस घरी धुते" म्हणून सांगा, ताई रागवत नाहीत. मान काडकन मोडून द्यायची पद्धत काही सलूनांत असते. ती इथे नाही, याचं समाधान.

शनिवारी आणि लग्नसराईत जाऊ नका. तेव्हा मदतनीस मुलगी हात लावते. तिला पायऱ्या सगळ्या पाठ आहेत, पण नजर दाराकडे आणि कान फोनकडे. एकच गाल दोनदा झाला आणि दुसरा राहिला, हे डोळे मिटलेल्या बाईलाही कळतं. चेहरा आणि हात यांना मेंदूत बाकी अंगाच्या मानानं फार मोठी जागा असते. माँट्रियलच्या वाइल्डर पेनफिल्ड यांनी १९३७ मध्ये तसा नकाशाच मांडला होता. चेहऱ्यावरच्या हाताचं लक्ष उडालं की ते असं लगेच उमगतं.

टॉवेल दर बाईला वेगळा आहे, उकळत्या पाण्यातून काढून उन्हात वाळवलेला. उशीचा अभ्रा मात्र दिवसभर एकच. ओढणी किंवा स्वच्छ दुपट्टा घरून न्या.

मंगळवार-बुधवारची सकाळ घ्या, लाइट जायच्या आधीची. वांग असेल तर वाफ नको म्हणून आधीच सांगा, उष्णतेनं तो गडद होतो. घरी गेल्यावर त्या दिवशी साबण नाही, चुलीपुढे बसणं नाही, उन्हात निघायचं असेल तर डोक्यावरून पदर किंवा दुपट्टा.

लेप निघाल्यावर ताई दोन्ही तळहात मिनिटभर गालांवर नुसते ठेवतात आणि उचलताना इतक्या हळू उचलतात की हात गेल्याचं नंतर कळतं. मग बाईला कुशीवर वळवून, हाताच्या आधारानं उठवून तीन मिनिटं बसवून ठेवतात, कारण तासभर आडवं पडून एकदम उभं राहिलं की अंधारी येते. तोवर आरशावरची टिकली काढून बाईच्या तळहातावर ठेवतात. लावायची बाईनं, आपल्या हातानं.